नितीनचे ड्रम कुठे गेले

रविवार, नोव्हेंबर २००४

आमच्या बँडने कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेल्या हेवी मेटल गाण्यात नितीनचे ड्रम ऐकूच येत नव्हते. दोष स्पीकरचा, असं महिनाभर म्हणत होतो. कॉम्प्युटरचे डबडे स्पीकर ते! खोली घुमते म्हणून आईची गोधडीही भिंतीवर टांगली. आज वैतागून रेकॉर्डिंगमधल्या माझ्याच गिटारचा आवाज कमी केला. अजून थोडा. आणि गंगापूर धरणावरचं धुकं विरून पलीकडचा काठ दिसावा, तसे ड्रम वर आले. म्हणजे रोज गिटार मीच वाढवत होतो की काय?

नितीनला बोलावलं. उद्या तो नोकरीसाठी बंगलोरला चाललाय. गोधडीला टेकून, डोळे मिटून त्याने ऐकलं. गाणं संपल्यावर हळूच म्हणाला, "मी एवढा चांगला वाजवतो? आधी सांगायचं ना रे."