चाळिसावी पावती

लातूर, ८ जानेवारी २०२५

ती. लिंबाजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा दिवस तुमचा फोन बंद आहे. आईने अहमदपूरहून मला त्याबद्दल सव्वीस फोन केले. तनुजाला विचारलं तर तुमची लेक म्हणते, बाबा ठणठणीत आहेत, फोन मात्र पेटीत कुलपात आहे. पोलिसाने स्वतःचाच फोन कोठडीत टाकावा, याला काही कारण असेलच. आईला मी फोन बिघडलाय असं सांगितलं. ते खोटं आहे, म्हणून खरं लवकर कळवा.

तनुजा असंही म्हणाली की नव्या साहेबांनी प्रत्येक वाहतूक हवालदाराला रोज पंचवीस केसेस ठरवून दिल्यात, तुमच्या नऊच्या वर जात नाहीत, आणि महिनाअखेर असंच राहिलं तर किनवटला बदली. पुढच्या महिन्यात तिची बारावी आहे. हे खरं का?

मामींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्यावी.
आपली भाची,
वर्षाराणी

नांदेड, १२ जानेवारी

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

तू आईचे फोनसुद्धा मोजून राहिलीस, हे वाचून मामी लई हसली. माझ्या लग्नात, सहा वर्षांची असताना, नवरदेवाचं घड्याळ तीन मिनिटं पुढं हाय असं भर मांडवात ओरडणारी तूच.

तनुजा बोलली ते खरं हाय. पोरीच्या परीक्षेत घर हलवायचं म्हणजे वर्ष जातं तिचं. पण करू काय? गाडी अडवली की माणूस लायसन काढत न्हाई, फोन काढून माझ्या कानाला लावतो, अन् पलीकडून आपलंच कुणीतरी निघतं. न्हाई घेतला तर तेच माणूस माझ्या फोनवर येतं. म्हणून फोन पेटीत. आता लोक तोंडानंच ओळख सांगून राहिले. मंगळवारी एका दिवसात सतरा पाव्हणे निघाले. लोह्याचा एकजण तुझ्या मावशीच्या दिराचा साडू. कंधारचा एक म्हणाला, तुमच्या लग्नात पंगतीला मी वाढत होतो. आठवलं, त्यानं दोनदा जिलेबी वाढली होती. त्याला दंड कसा लावू? सगळ्यांची यादी सोबत जोडली हाय.

तू कॅमेऱ्याच्या कंपनीत इंजिनिअर. काही तरी डोकं चालव.

जेवत जा वेळेवर. मामावर रुसू नको.
तुझा मामा,
लिंबाजी

लातूर, १६ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

यादी पाहिली. सतरापैकी अकरा लोहा-अहमदपूरकडचे, सहा कंधारचे. तुम्ही उभे राहता तो नाका त्याच बाजूला आहे आणि आपली सगळी सोयरीकही त्याच बाजूला. दोष तुमच्या स्वभावाचा नाही, जागेचा आहे. नायगाव रस्त्याचा नाका मागून घ्या. त्या रस्त्याला आपलं कुणी फिरकत नाही, याची मला खात्री आहे.

सकाळी आठला उभे राहिलात तर साडेअकरापर्यंत पंचवीस व्हाव्यात. त्यानंतर तुम्ही तिथे नसाल, असं मी धरते.

तनुजाला गणितासाठी शुभेच्छा. असाच जीव लावत राहावा.
आपली,
वर्षाराणी

नांदेड, २४ जानेवारी

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

तुझा हिशोब पक्का निघाला. पहिल्या दिवशी अकरा वीसलाच पंचवीस! एकानंही ओळख सांगितली न्हाई. साहेब खूश झाले, अन् खूश होऊन तिसऱ्या दिवशी मला एकट्याला चाळीस लावले. तेव्हापासून संध्याकाळपर्यंत तिथंच उभा हाय.

काल गुरुवारी चारच्या सुमाराला अडतीस झाल्या होत्या. नायगावकडून एक मोटारसायकल आली. दोघंही बिनहेल्मेट. पोरगा उदगीरचा, नाव उमाशंकर, नायगावात माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो. पोरगा सरळ वाटला. मागं तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी. आता नियम असा की पुढच्याची एक केस अन् मागच्याची दुसरी. चाळीस पुऱ्या झाल्या. फोन लावायचा का, असं मीच विचारलं. पोरानं मागं पाहिलं. तिनं मान हलवली, न्हाई म्हणून. पावती घेतली, वाचली, अन् पावतीवरची वेळ चार मिनिटं पुढं हाय असं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

अशी मुलगी सबंध मराठवाड्यात एकच हाय, वर्षा. त्या रस्त्याला आपलं कुणी फिरकत न्हाई हे तुला एवढं पक्कं कसं ठाऊक, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

जिलेबीवाल्यानं ओळख सांगितली. सख्खी भाची मात्र गप ऱ्हायली, अन् तिच्या पावतीनं माझा चाळिसाचा आकडा पुरा झाला. किनवटच्या यादीतून नाव निघालंय, तनुजा इथंच परीक्षा देईल. तुझ्या आईला मी काही कळवलं न्हाई. कळवू कसं? फोन पेटीत हाय.

पावतीच्या यंत्राची वेळ दुरुस्त केली.
तुझाच मामा,
लिंबाजी

लातूर, २७ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पावत्यांचा दंड भरला. हेल्मेट दोन घेतली.

पंचवीस झाल्यावर साहेब आकडा वाढवतील, हे मी धरलं नव्हतं. चूक माझी. तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगते: दीड वर्ष झालं. तो दुकानदाराच्या घरातला, आपल्यातला नाही. आई आधी रडेल, मग बाबांना सांगेल. बाबा काही बोलणार नाहीत, तेच अवघड.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी अहमदपुरात आईला सगळं सांगणार आहे. साधारण सव्वादहाला ती पहिला फोन तुम्हालाच करेल, आणि ज्याचं बाबासुद्धा ऐकतील असं माणूस आपल्याकडे एकच आहे. तेव्हा रविवारी तेवढा फोन पेटीतून काढा आणि चार्ज करून ठेवा.

नाक्यावर सांगितली नाही, ती ओळख आता सांगते. मी तुमची भाची आहे, मामा.

आपली,
वर्षाराणी