सायफिनची कंबर आणि तुझा नवस

चि. बुनलर्त यास आशीर्वाद.

मी तुझी आई. तुला सामन्याची तारीख तेवढी लक्षात राहते, म्हणून ओळख सांगितली.

बँकॉकात आम्ही ठीक आहोत. हवेत उलटी होऊन वेताच्या चेंडूला लाथ मारणारी तुझी लेक सायफिन सध्या चटईवर ओणवी होऊन एक तंगडी मागे ताणते, खांब दिसलेल्या कुत्र्यासारखी. पत्र तीच लिहितेय. “आजी, हे नको ना!” म्हणते. म्हटलं, लिही.

कंबर तिसऱ्यांदा धरलीय. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणतात, “दुखायचं थांबलं म्हणजे कंबर सावरली असं नाही.” मागे दोन्ही वेळा दुखायचं थांबताच तुझा फोन आला, “खेळ गं, मी नवस बोललोय.”

या वेळी ती खेळणार नाही. तुला सांगायला घाबरते, म्हणून मी सांगते. नवसाचं डुकराचं डोकं गावदेवाला आत्ताच वाहा. म्हणावं, पोर जिंकली नाही, पण वाकून स्वतःची चप्पल घालते. देवाला कळेल. तुझं सांगता येत नाही.

सूनबाईचा गुडघा कसा आहे?

तुझी आई

ता. क. प्रसादाचं मांस सुकवून, घरच्या चिकट तांदळासोबत सायफिनला पाठव. जिंकली नाही म्हणून वाटा कमी करू नकोस.