उचललेलं गाणं

९ मार्च १९६४
रेकॉर्ड कंपनीने आम्हाला काढलं. आठ मिनिटांत. सोकोलोसाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "व्हर्ना, तुमच्या आवाजाला नाव ठेवायला जागा नाही. पण सध्या लोकांना इंग्लंडचं हवंय." गेल्या वर्षीपर्यंत या माणसाला इंग्लंड नकाशात सापडलं नसतं. ओझेला जिन्यात रडली. सात वर्षं जोडीने गातोय आम्ही. मी नाही रडले. एवढ्याशा माणसापायी डोळे कोण खराब करणार?

१० मार्च
थर्मनला सांगितलं. आमची सगळी गाणी माझ्या या नवऱ्याने लिहिलेली. "बरं," म्हणाला आणि पियानोचं झाकण लावलं.

२ एप्रिल
रेडिओच्या यादीत पहिल्या दहात सहा इंग्लिश. केस डोळ्यांवर, पँट्स पायाला शिवून टाकल्यासारख्या. बोलताना तोंडात गरम बटाटा, गाताना मात्र थेट माझ्या अलाबामाच्या मामासारखे! शिकले कुठे? आमच्याच तबकड्यांवर. आणि फिलाडेल्फियाच्या पोरी किंचाळतायत. घरचंच अन्न शेजारणीने वाढलं की गोड लागतं.

२१ एप्रिल
लॉन्ड्रीत इस्त्रीला लागले. ओझेला टेलिफोन कंपनीत. थर्मन बस डेपोतून येतो, जेवतो, झोपतो. झाकण बंदच.

६ मे
एक पांढरा सदरा जळला. इस्त्री त्यावर तशीच राहिली ना — रेडिओवर 'परत ये, पण हळू'! थर्मनचं गाणं. एकसष्ट साली आम्ही दोघींनी गायलेलं. शहराबाहेर कुत्र्यानेही विचारलं नव्हतं. आता गातायत टॉलगेट्स म्हणून कोणी, लीड्सची चार पोरं. 'हळू'च्या आधी मी श्वास घेते, तो श्वाससुद्धा उचललाय. त्या पोराला दम कमी नाही, तरी घेतो. माकड! वर निवेदक म्हणतो, "इंग्लंडचा ताजा सूर."

१७ मे
ती चार पोरं टीव्हीवर दिसली. हे सुचलं कुठून, असं विचारलं. म्हणे, "एका जुन्या अमेरिकन तबकडीवरून." तीन वर्षांत जुनी झाले मी. नाव कोणाचंच नाही.
ओझेलाचा फोन. "अगं, त्या ठेंगण्याने माझा खालचा सूर धरलाय. माझ्यापेक्षा बरा धरलाय गं."
"मूर्खासारखं बोलू नकोस."
"ऐक तर नीट एकदा."
नाही ऐकणार.

३० मे
त्यांचं गाणं यादीत एक्केचाळिसावं.

१३ जून
सतरावं. थर्मन दर आठवड्याला संगीताचा पेपर आणतो, यादीवर बोट फिरवतो, घडी घालून ठेवतो. अपमान गिळतोय बिचारा. मला कळतं.

२७ जून
चौथं. आणि सोकोलोचा फोन! आवाजात मध. "दोघी परत या. तेच गाणं पुन्हा करू. फक्त जरा त्या पोरांसारखं."
"माझी नक्कल करतात ते. मी त्यांची करायची?"
"तसंच काहीसं."
फोन आपटला. हात अजून दुखतोय.

२८ जून
थर्मनला सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी चिडेल. तो हसला. मार्चनंतर पहिल्यांदा.
"चोर आहेत ते," मी म्हटलं.
"चोर कसले? तबकडीवर माझं नाव आहे. बारीक छापलंय, पण आहे. व्हर्ना, समुद्रापलीकडे चार पोरांनी बसून माझं गाणं पाठ केलं."
"मी नव्हतं केलं?"
"तू बायको आहेस."


१ जुलै
तीन दिवस अबोला. मीच धरलाय.

११ जुलै
सकाळी पियानो वाजला. मी गॅस बारीक केला, पातेल्यात चमचासुद्धा वाजू दिला नाही. नवीन चाल आहे. माझ्या पट्टीत. कोणासाठी, हे विचारायचीही गरज वाटली नाही. अबोला सोडला.

१९ जुलै
गाणं पुरं झालं. चर्चहून आल्यावर त्याने मला गायला लावलं. कित्येक वर्षांत इतकी चांगली गायले नव्हते.
"कुठे अडलं?"
"कुठेच नाही."
"छान," म्हणाला आणि कागद दुमडून पाकिटात घातला. पाकिटावर पत्ता लीड्सचा.