ताराकाकूंचे शेजारी

३ डिसेंबर, पेण
जोह्याचा मुक्काम संपला. मूर्तींच्या कारखान्यांतून नुसती भटकले. डोळे न आखलेल्या गणपतींच्या रांगा. का कोण जाणे, तिथे आवाज आपोआप खाली येतो.
अविनाश म्हणाला, "इटलीत हेच करत होतीस तेव्हा लोक कौतुक करायचे. आता मला विचारतात, बायकोचं काही बिनसलंय का?"
बिनसलं काही नाही. गेल्या वर्षी तिथल्या डोंगरगावांत राहिले, तसंच आपल्या तालुक्यात राहायचं. एका वेळी एक गाव. घाई नाही. निवृत्तीनंतर नाही तर कधी?
जोह्याची चहावाली म्हणाली, "शांत गाव पायजे? खाडीकडं जा. घरां हायत, माणसां नाय."

५ डिसेंबर
गडबपासून रिक्षा, पुढे बांधावरून पायी. मागे कधीतरी बांध फुटला, खारं पाणी शेतांत शिरलं ते गेलंच नाही. भाताच्या जागी तिवरांची झुडपं. लोक गडबला, पेणला गेले. उरल्या एकट्या ताराकाकू. सत्तरीच्या, काटक. "ऱ्हा की! अख्खा गाव रिकामा हाय." मोबाइलला रेंज नाही. काकूंकडे तर फोनच नाही.
दिवेलागणीला ओट्यावर बसल्या, समोरच्या बंद घराकडे पाहून म्हणाल्या, "गो यमुने, जेवलीस का?" थांबल्या. ऐकलं. हसल्या. मग बराच वेळ गप्पा.
इटलीत एक म्हातारी गेलेल्या नवऱ्यासाठी ताट मांडायची. तिथे मला ते सुंदर वाटलं होतं. इथे पाठीवरून गार काहीतरी...

६ डिसेंबर
गंजलेली कुलुपं. वाळलेल्या तुळशी. दुपारभर बांधावर बसले.
संध्याकाळी काकू बोलता बोलता टाळी वाजवून, "यमुनेच्या सुनेला पोरगी झाली! आज सकाळी!" माझ्या हातावर गूळ ठेवला.
दिवसभर गावात कोणी आलं नाही. वाट एकच, बांधावरची. मी तिथेच होते.
गूळ खाल्ला.

७ डिसेंबर
परत निघाले. गडबला एका दुकानात पाणी घ्यायला थांबले. दुकानवाल्या बाईंनी आधी बर्फी पुढे केली. "नात झाली काल सकाळी."
नाव विचारलं. यमुना.
"ताराकाकूंना कोणी कळवलं?"
"मीच की. दिवेलागणीला."
"फोनवर?"
"तिच्याकडं फोन हाय कुठं?" खाडीच्या दिशेला मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. त्यात नवल काय, असं तोंड.
का ते माहीत नाही, पण माझा नंबर देऊन आले.

१२ डिसेंबर, रोहा
भावाकडे. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "वाऱ्यावर आवाज येत असेल." मग स्वतःच मोबाइलवर अंतर मोजू लागला. वहिनी म्हणाली, हा विषय घरात नको.
संध्याकाळी यमुनाबाईंचा फोन. "तारा कालपास्नं बोलत नाय. घरात सगळे मलाच हसतात. तुम्ही येता?"
उद्या पहिली गाडी.

१३ डिसेंबर
दोघी गेलो. काकू चुलीपाशी पडलेल्या, अंग तापाने फणफणलेलं, शुद्ध अर्धवट. रिक्षावाल्याने आणि त्याच्या भावाने खुर्चीत बसवून बांधावरून आणलं. पेणला दवाखान्यात दाखल. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर...
यमुनाबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी बोलले नव्हते?"
मी खाडीकडे पाहायचं टाळलं दिवसभर.

१९ डिसेंबर
काकू आता यमुनाबाईंकडे, गडबला. आज भेटून आले. बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चेहऱ्यावर तकाकी. मलाही सुटल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं.
दिवेलागणीला बाळ सुनेकडे देऊन उठल्या. मागच्या दारी खाडीकडे तोंड करून बसल्या आणि बोलू लागल्या. थांबत, ऐकत, हसत.
यमुनाबाईंनी मला आत ओढलं. "रोज असंच. मी तर हितं हाय. मग ही बोलते कोणाशी?"
"तिकडे अजून कोणी राहिलंय का?"
"कोण नाय. शेवटची तीच होती." मग अगदी हळू, "तुम्ही राहिलात तिथं. काय दिसलं काय?"
नाही म्हणाले. खरंच काही दिसलं नव्हतं.
बाहेरून काकूंची हाक आली. "गो पाहुणे, तुला विचारतात, परत कवा येशील?"
कोण, हे विचारणार होते. तोंडून निघालं, "सोमवारी."
अविनाशला अजून सांगितलेलं नाही.