ताईसाठी आलेले फोन

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय ताई,

नमस्कार करतो, तो आधी स्वीकार; पुढचं वाचल्यावर कदाचित स्वीकारणार नाहीस. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा ठीक आहे, मात्र डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ती फक्त डॉक्टरांसमोर करते. भाऊजींना सांग, त्यांनी दिलेला प्रिंटर अजून चालतो, अधूनमधून रुसतो इतकंच.

आपल्या कंपनीचं तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. दातांच्या डॉक्टरीणबाईंसाठी मी पेशंटच्या वेळा लावून देणारं नवं सॉफ्टवेअर केलं. पाच महिने राबलो. कोड असा, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. बाईंनी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाल्या. त्या "बघू"चा अर्थ तुला तिथल्या तिथे कळला असता. मी तीन आठवडे होकाराची वाट पाहत बसलो.

शेवटी स्वतःच गेलो. रिसेप्शनवरच्या मावशी वहीतच पेन्सिलीने नावं लिहीत होत्या. म्हणाल्या, "तुमची ताई आली की आधी अर्धा दिवस इथे बसायची. तुम्ही आल्या आल्या लॅपटॉपच उघडता." मग मीही बसलो. तासाभरात गाल सुजलेला एक माणूस आला. मावशींनी दोन नावांच्या मध्ये बारीक अक्षरात त्याला घुसवलं. मशीनच्या आवाजाला घाबरणाऱ्या आजोबांना रडक्या मुलापासून लांब बसवलं. माझं सॉफ्टवेअर त्या सुजलेल्या गालाला म्हणालं असतं, "मंगळवारपर्यंत वेळ नाही." अकरा रंग दिले होते गं मी त्यात, पण असं कोणाला मध्ये घ्यायची सोयच ठेवली नव्हती.

तू लोकांना भेटायचीस, मी कोड लिहायचो, अशी आपली वाटणी होती. आणि दीड वर्षापूर्वी ऑफिसात सगळ्यांदेखत मी तुला म्हणालो, "तुझं काम म्हणजे नुसत्या गप्पा, ते कोणीही करेल." दुसऱ्या दिवशी तू टेबल आवरलंस. त्याची माफी मी मागितली, तीही आईमार्फत. भित्रा तो भित्राच.

तुला माहीत नाही ते आता लिहितो. मघापासून उगाच गुडघा आणि प्रिंटर करतोय. तू गेल्यावर लोकांचे फोन आले, "ताई कुठे आहेत?" डॉक्टरीणबाई, लाकडाच्या वखारीचे काका, शाळेच्या मुख्याध्यापिका, एकूण सातजण. मी प्रत्येकाला सांगितलं, तिला आता यात रस नाही, तिला फोन करू नका. ही गिऱ्हाइकं माझ्याकडेच राहावीत म्हणून. मागे घरी आलीस तेव्हा तू आईला म्हणालीस, "इतकी वर्षं केलं, पण एकानेही विचारलं नाही गं." मी समोरच जेवत होतो. मान खाली घालून जेवलो. त्यानंतर तू ती नोकरी धरलीस, जिथे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही.

काल मी सातही जणांना फोन केले. खोटं बोललो होतो, हे सांगितलं आणि तुझा नंबर दिला. वखारीचे काका नुसतं "ठेवतो" म्हणाले. ते बहुधा जातील. तू स्वतःचं काही सुरू केलंस, तर बाकीचेही तुझ्याकडे येतील आणि मला ऑफिसला कुलूप लावावं लागेल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण ती तुझी माणसं आहेत. परत ये, असं म्हणायचा हक्क मी घालवलाय.

फोन वाजला तर उचल. माझा नसेल.

भाऊ म्हणायचं की नाही, हे तुझ्यावर सोडून,
धाकटा