बापूरावांच्या खिशातले हिरवे निशाण

रत्नागिरी, शनिवार, १९५६

घडले ते क्रमाने लिहितो. सकाळी आंब्याच्या कलमांना पाणी घालून त्यांच्याभोवतीचे खेळण्यातल्या गाडीचे रूळ पुसले. दुपारी माझे जुने स्नेही बापूराव आले. परसातल्या माझ्या चावीच्या आगगाडीला त्यांनी नेहमीप्रमाणे हिरवे निशाण दाखवले, मग चहा घेतला. सायंकाळी गावच्या सभेत, रत्नागिरीस रेल्वे यावी या माझ्या ठरावावर हेच बापूराव उठून म्हणाले, "कशाला हवी रेल्वे, मंडळी? आप्पांच्या कलमांभोवती फिरते ती पुरे की. तिकीटही नाही."

सभा हसली. ठराव पडला.

विरोध मी सहन केला असता. पण बोलताना त्यांच्या कोटाच्या खिशातून त्याच निशाणाचे टोक दिसत होते. माझ्या पत्नीने अखेरच्या आजारपणात ते शिवले आणि आमच्या गाडीचे स्टेशनमास्तर म्हणून त्यांच्याच हाती दिले. चहा घेतानाच हा विनोद मनात होता, की लोक पाहून सुचला? अधिक वाईट कोणते, ठरत नाही.

बाहेर पडताना म्हणाले, "रागावलात होय, आप्पा? गंमत हो. उद्या येतो गाडीला."

उद्या गाडी सुटणार नाही. सकाळी गड्याहाती चिठ्ठी धाडणार: इतकी वर्षे आपण माझ्या परसात हसू दाबून उभे होता काय? उत्तर लेखी द्यावे, आणि निशाण सोबत पाठवावे.