लाल झबल्याचे गोंडे

माझ्या आईला खुजंदहून सफरगुलचा सलाम.

आम्ही बरे आहोत. बाळाला जरा ताप आहे, पण दूध पितोय.

नवरोज आलाय म्हणून पाळण्यावर तोरण बांधलं. दृष्ट लागू नये म्हणून टेकडीवरून हरमळाच्या झुडपाची सुकी बोंडं आणून ओवली, मधेमधे चिंध्यांचे गोंडे लावले. गावी आपण म्हाताऱ्या माणसांच्या घरून चिंध्या मागून आणतो, त्यांचं आयुष्य लेकराला लागावं म्हणून. इथे माझ्या ओळखीचं कोण? म्हणून जुन्या बाजारातून लाल झबलं आणलं नि तेच कापलं.

शेजारच्या हलीमाखाला म्हणाल्या, "अगं बावळट, कुणाच्या लेकराचं झबलं हे? ते लेकरू जगलं की गेलं, विचारलंस तरी?"

मी नव्हतं गं विचारलं. त्याच संध्याकाळी ताप चढला.

हे म्हणतात, "दात येतायत त्याला. खालाला चहा पाज नि गप्प बस." पण सारखे उठून त्याचं कपाळ बघतात.

लाल गोंडे मी काढलेत. आजी अजून हिंडते-फिरते ना? तिच्या अंगातल्या सदऱ्याचाच तुकडा कापून पाठव. धुऊ नकोस, लगेच पाठव.

तुझी घाबरलेली,
सफरगुल